घरातील स्टिरिओ : जुळणी आधी, खरेदी नंतर

गोव्यातील अनेक घरांच्या बैठकीच्या खोलीत जुना स्टिरिओ संच आजही मानाची जागा धरून बसलेला दिसतो. कोणा घरी तो आखातातील नोकरीवरून सुट्टीत येताना आणलेला असतो, कोणा घरी तारवट्याने परदेशी बंदरात घेतलेला असतो, तर कोठे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने पालथी घालून निवडलेला असतो. शेजारच्या कपाटात तबकड्या, कॅसेट आणि सीडी यांचे ढीग असतात. ज्याने हे सारे हौसेने जमवले तो माणूस कधी वृद्ध झालेला असतो, कधी हयातही नसतो. मग एखाद्या दिवशी मुलाला किंवा नातीला वाटते, की हा संच पुन्हा वाजता करावा, जमल्यास सुधारावा.

येथून पुढे बहुतेकांचा प्रवास एकाच वाटेने होतो. बाजारात जाऊन भरपूर वॅटचा ॲम्प्लिफायर किंवा नाव मिळवलेले स्पीकर आणले जातात, जुन्या संचाला जोडले जातात आणि आवाज पूर्वीपेक्षा बरा होण्याऐवजी कर्कश, पोकळ वा घुमणारा होतो. वस्तू खोटी नसते, दुकानदारानेही फसवलेले नसते. दोष असतो तो जुळणीचा. गायक कितीही मोठा असला, तरी त्याच्या पट्टीत न लावलेला तबला आणि त्याच्या अंगाने न जाणारी पेटी मैफल बसवू देत नाहीत. स्टिरिओ संचाचेही तसेच आहे. त्यातील प्रत्येक भाग दुसऱ्याची साथ करतो, आणि साथ बिघडली की मोठी किंमतही कामी येत नाही.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. विसंगत किंवा झिजलेली सुई तबकडीची खाच कायमची खरवडून टाकते. केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे गोमंतकीयांना अभिमानाने ठाऊक असते. मात्र त्याच पिढीतील गायकांच्या जुन्या तबकड्या घरच्या कपाटात असतील, तर त्यांचे भवितव्य आपल्या हाती आहे, याची जाणीव क्वचितच असते. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९४२ साली निवर्तले. त्यांचा आवाज ज्या तबकड्यांवर उतरला, त्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या काळातल्या. अशी एखादी मूळ प्रत चुकीच्या यंत्रावर दहा वेळा वाजवून खराब झाली, तर ती पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून संच सुधारण्यापूर्वी त्याचे गणित समजून घेणे अगत्याचे ठरते.

खोली हाही संचाचाच भाग

संगीत ऐकताना कानावर येणारा आवाज स्पीकरचा जितका, तितकाच खोलीचाही असतो. गोव्यातील जुन्या घरांत चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंती, उंच छत आणि गुळगुळीत लाद्या असतात, नव्या सदनिकांत चकचकीत टाईल्स आणि मोठ्या काचा. दोन्ही ठिकाणी ध्वनी शोषून घेणारे फारसे काही नसते. टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागून धातूसारखी झणझण ऐकू आली, तर तीच झणझण प्रत्येक स्वराला चिकटणार, हे निश्चित. नवे यंत्र तिला थांबवू शकत नाही. स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये अंथरलेली जाड सतरंजी, खिडकीवरचा भरघोस पडदा, पुस्तकांनी भरलेले कपाट किंवा बाजूच्या भिंतीवर टांगलेली गोधडी मात्र तो दोष बराच कमी करते. या उपायाला फारसा खर्चही नाही.

खालच्या स्वरांचे दुखणे वेगळे असते आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने या संख्येला भागले, की त्या खोलीची पहिली घुमणारी कंपनसंख्या मिळते. पाच मीटर लांबीच्या खोलीत ती सुमारे ३४ हर्ट्झ येते आणि तिची दुप्पट सुमारे ६९ हर्ट्झ. आता योगायोग पाहावा. काळी एकच्या खर्जाचे मूळ कंपनही जवळपास ६९ हर्ट्झचेच असते. म्हणजे चित्रपटगीतातील बास गिटार त्या स्वरावर आली, की खोली स्वतःच गाऊ लागते. भिंतीला टेकून बसणाऱ्या श्रोत्याला हा घुमार सर्वाधिक जाणवतो, कारण अशा कंपनांचा दाब भिंतीलगत सर्वांत जास्त असतो. अनेकांचा सोफा नेमका तेथेच असतो. स्पीकर बदलण्याचा विचार करण्याआधी सोफा अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढून पाहिला, तर कित्येकदा नवी खरेदी टळते.

चौरस खोली या बाबतीत सर्वांत त्रासदायक, कारण लांबी आणि रुंदी या दोहोंची घुमणारी कंपने एकमेकांवर येतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबले, की खालचा आवाज फुगतो. ते मागच्या भिंतीपासून थोडे पुढे, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून शक्यतो सारख्या अंतरावर आणि श्रोत्याच्या आसनाशी समभुज त्रिकोण करतील असे मांडावेत. वरच्या स्वरांचा लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. मांडणी नीट झाली, की गायक दोन खोक्यांच्या मधोमध बसल्यासारखा भासतो. एकच स्पीकर कपाटावर आणि दुसरा खिडकीत, अशी मांडणी असलेल्या घरात स्टिरिओचा अर्थच उरत नाही.

वॅटचा मोह

संच सुधारताना सर्वांत जास्त फसवणूक होते ती वॅटच्या आकड्याने. स्वस्त संचांच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारोंचे आकडे छापलेले असतात. क्षणार्धापुरती कल्पिलेली ती शक्ती असते आणि तिची सर्वमान्य मोजपट्टी नाही. पाहायचा तो सातत्याने देता येणाऱ्या शक्तीचा, म्हणजे ‘आरएमएस’ पद्धतीने मोजलेला आकडा. तोही एकटा पुरेसा नाही. त्याच्या जोडीला स्पीकरची संवेदनशीलता पाहावी लागते.

स्पीकरला एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते संवेदनशीलतेचा आकडा सांगतो. येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा आणला, तर फरक ३ डेसिबलचा. तो जेमतेम जाणवतो. खर्च मात्र चांगलाच जाणवतो.

एक उदाहरण घेऊ. जुन्या घरात २५ वॅटचा ॲम्प्लिफायर आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेचे मोठे स्पीकर आहेत. पूर्ण शक्तीवर ही जोडी एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबलपर्यंत जाते. घरासाठी हे भरपूर झाले. आता मोठी खोकी नकोशी वाटतात म्हणून त्यांच्या जागी ८४ डेसिबलचे देखणे, छोटे स्पीकर येतात. ॲम्प्लिफायर तोच असेल, तर मर्यादा ९८ डेसिबलवर येते. पूर्वीइतकाच आवाज हवा असेल, तर शक्ती चौपट, म्हणजे १०० वॅट लागते. घरातल्यांना हे ठाऊक नसते. आवाज कमी वाटतो म्हणून बटण पुढे पुढे फिरवले जाते.

चतुर्थीच्या दिवसांत घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण लावले, की हे दुखणे उघडे पडते. घुमटावर पडणारी थाप आणि कासाळ्यांचा झणत्कार हे क्षणिक, पण फार उंच जाणारे ध्वनी आहेत. सरासरी आवाजाला दोन वॅट पुरत असतील, तर अशा शिखराला दहापटीहून अधिक शक्ती एका क्षणात लागते. ॲम्प्लिफायरकडे ती नसली, की तो शिखराचा माथा कापून टाकतो. कापलेला ध्वनी कानाला खरखरीत लागतो आणि ट्वीटरच्या नाजूक गुंडाळीपर्यंत तिला न पेलणारी ऊर्जा पोहोचते. लहान ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ताणून ट्वीटर जाळण्याचे प्रकार म्हणूनच घडतात. ‘स्पीकर १०० वॅटचा आहे, २५ वॅटने त्याला काय होणार’ हा समज खोटा ठरतो तो येथे.

ओहमचे कोडे

जुळणीची दुसरी अट विद्युतप्रवाहाची. स्पीकर त्या प्रवाहाला जो विरोध करतो, तो ओहममध्ये सांगतात. खोक्यावर आठ ओहम लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात हा विरोध स्वरागणिक बदलतो आणि काही स्वरांवर चार ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. विरोध कमी झाला, की ॲम्प्लिफायरला अधिक प्रवाह पुरवावा लागतो. आधुनिक, दणकट वीजपुरवठ्याचा ॲम्प्लिफायर हे सोसतो. जुना किंवा बेताच्या क्षमतेचा तापतो, त्याचा फ्यूज उडतो, क्वचित आतील ट्रान्झिस्टरही जातात.

म्हणून ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेली मर्यादा वाचूनच स्पीकर निवडावेत. तेथे ‘८ ते १६ ओहम’ असे लिहिले असेल, तर चार ओहमचे स्पीकर त्याला जोडणे धोक्याचे. बैठकीच्या खोलीत एक जोडी आणि बाल्कांवात दुसरी, अशी हौस असलेल्या घरांनी विशेष सावध राहावे. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की ॲम्प्लिफायरला ते चार ओहमसारखे दिसतात.

माहितीपत्रकातील एक बारकावाही येथे सांगायला हवा. हल्ली संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओहमला हा दाब बरोबर एक वॅट देतो, चार ओहमला मात्र दोन वॅट. त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरचा आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन स्पीकरांची तुलना करताना हे लक्षात न घेतल्यास निवड चुकते.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. अशा यंत्राचा स्वतःचा अंतर्गत विरोध ट्रान्झिस्टरच्या यंत्राहून सहसा जास्त असतो. परिणामी ज्या स्पीकरचा विरोध स्वरागणिक फार वरखाली होतो, त्याच्याबरोबर ते काही स्वर उचलते तर काही दाबते. व्हॉल्व्हला साथ हवी ती अधिक संवेदनशील आणि विरोधात फार चढउतार नसलेल्या स्पीकरची. मागच्या बाजूस चार आणि आठ ओहमसाठी वेगवेगळी टोके असतात, त्यांपैकी योग्य तेच वापरावे.

किती खाली जाणारा स्पीकर हवा, याचे उत्तर घरात काय ऐकले जाते त्यावर ठरते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा सुमारे २०८ हर्ट्झवर. तंबोऱ्याच्या खर्जातही मूळ कंपनापेक्षा वरचे स्वरांश प्रबळ असतात, जवारीची सारी श्रीमंती त्यांतच असते. नाट्यगीते, अभंग आणि ख्याल ऐकणाऱ्या घराला म्हणूनच ६० हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा, पण मधल्या स्वरांत प्रामाणिक असणारा स्पीकर अधिक मानवतो. भलामोठा सबवूफर अशा संगीतात कामापेक्षा गोंगाटच अधिक करतो. सिनेमा आणि आधुनिक नृत्यसंगीत ऐकणाऱ्यांची गरज अर्थातच निराळी.

तबकडीचा नाजूक हिशेब

संचातील सर्वांत नाजूक जुळणी तबकडी वाजवणाऱ्या यंत्रात असते. एकेकाळच्या साध्या, तसेच आजकाल बॅगेच्या आकारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्याची सुई तबकडीवर सुमारे पाच ग्रॅम भार टाकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. या फरकाचे मोल तबकडीच्या खाचेला मोजावे लागते. हिऱ्याच्या सुईचे आयुष्यही साधारण ५०० ते १००० तासांचेच मानले जाते. वीस वर्षे बंद असलेल्या संचावर जुन्याच सुईने वडिलांची आवडती तबकडी लावून पाहणे, हा सर्वांत महाग प्रयोग ठरू शकतो. पहिला खर्च करायचा, तो नव्या सुईवर.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची गोष्ट आणखी वेगळी. तिची खाच रुंद असते, तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. स्टिरिओ एलपीची गोल टोकाची सुई सुमारे १८ मायक्रॉनची. ही बारीक सुई जुन्या तबकडीत तळाशी लोळते आणि केवळ खरखर उचलते. उलट जाड सुई एलपीवर ठेवली, तर एलपीचा नाश ओढवतो. जुन्या काही यंत्रांत एकाच कार्ट्रिजला दोन सुया असून फिरवण्यासाठी लहान कळ असते. ती योग्य बाजूस आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. ७८च्या तबकड्या एकध्वनी असल्याने ॲम्प्लिफायरवरील ‘मोनो’ची कळ दाबली, की खरखरीचा बराच भाग आपोआप गळतो.

सुई कंपनांना किती सहज झुकते आणि तिला धरणारा दांडा किती जड आहे, यांचाही मेळ बसावा लागतो. दोहोंची मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी, असा संकेत आहे. त्याखाली गेली, तर वाकड्या तबकडीचे हेलकावे आणि जमिनीवरची पावले सुईला हादरवतात. फार वर गेली, तर ती संगीतात शिरू लागते. दांडा, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे मिळून परिणामी वजन १८ ग्रॅम आणि सुईची लवचीकता १५ असेल, तर ही संख्या साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे जोडी उत्तम जमली. त्याच दांड्याला ३० लवचीकतेची महागडी कार्ट्रिज लावली, तर ती सातच्याही खाली घसरते. महाग वस्तू स्वस्त वस्तूपेक्षा वाईट वाजते, ती अशी.

कार्ट्रिजमधून निघणारा संदेश फार क्षीण, चुंबकीय प्रकारात चार-पाच मिलिव्होल्ट इतकाच असतो. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. १९५४ साली ठरलेल्या ‘आरआयएए’ प्रमाणानुसार हा बदल वाजवताना उलटा करावा लागतो. हे काम ‘फोनो’ विभाग करतो. नव्या ॲम्प्लिफायरमध्ये तो असेलच असे नाही. तो नसताना यंत्र थेट ‘ऑक्स’ला जोडले, की आवाज मुंगीएवढा आणि पत्र्यासारखा येतो. ॲम्प्लिफायर बिघडला अशी समजूत करून घेण्याआधी वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर आणावा.

जुन्याला नवे जोडताना

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्या यंत्राचा संदेश सुमारे दोन व्होल्टचा असतो. त्याआधीच्या अनेक ॲम्प्लिफायरांना पूर्ण शक्ती देण्यास ०.१५ ते ०.२ व्होल्ट पुरतात. त्यामुळे सीडी किंवा मोबाईलशी जोडलेला डिजिटल परिवर्तक जुन्या संचाला लावला, की बटण जरासे फिरवताच घर दणाणते. बटणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा तोलही सहसा नीट नसतो. संदेश कमी करणारा साधा अटेन्युएटर मधे टाकला, की ही अडचण सुटते. सीडी यंत्र फोनोच्या खाचेत मात्र कधीही जोडू नये. जुन्या युरोपीय बनावटीच्या संचांवर पाच टाचण्यांचा डिन जोड असतो. त्यासाठी बदलजोड मिळतो, संच मोडीत काढण्याची गरज नसते.

परदेशातून आलेल्या यंत्रांची वीज तपासणे हे तर सर्वप्रथम करायचे काम. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज आहे. जपानच्या देशी बाजारपेठेसाठी बनलेला संच १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० व्होल्टचा असू शकतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ज्या तबकडीयंत्राची मोटर विजेच्या कंपनांवर चालते आणि ६० हर्ट्झसाठी बनली आहे, ते येथे सहाऐवजी पाच हिश्श्यांच्या गतीने फिरते. एलपी ३३ ऐवजी सुमारे २८ फेऱ्या घेते आणि गायिकेचा आवाज पुरुषी होतो. त्यावर उपाय म्हणजे ५० हर्ट्झची मोटरकप्पी किंवा गती निराळी नियंत्रित करणारे साधन.

तारांबाबत मात्र निश्चिंत असावे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन दहा मीटर तार धरली, तरी तो ०.०७ ओहम होतो, आठ ओहमच्या एक टक्क्याहूनही कमी. घरच्या वायरिंगसाठी मिळणारी चांगली बहुतारी तांब्याची वायर स्पीकरला पुरेशी आहे. जोडताना अधिक-उणे दोन्ही बाजूंना सारखे असल्याची खात्री करावी. एका स्पीकरची टोके उलटी लागली, तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला गायक नाहीसा होतो.

समुद्रकाठची हवा

गोव्याचा पावसाळा यंत्रांची वेगळीच परीक्षा घेतो. स्पीकरच्या शंकूभोवती फोमची कडा असेल, तर ती दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. असा स्पीकर फेकून देण्याचे कारण नाही. कडा नव्याने बसवता येते आणि मूळचा शंकू व चुंबक तसेच राहतात. नवा घेताना रबराची कडा पाहून घ्यावी. खारट वाऱ्याने जोडांवर गंज चढतो, बटणे फिरवताना खरखर येते. संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने ती बहुधा जाते. अनेक वर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर एकदम सुरू न करता जाणत्या तंत्रज्ञाकडून त्यातील कपॅसिटर तपासून घ्यावेत. विजा कडाडू लागल्या, की केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढून ठेवावा.

तबकड्यांवर बुरशी धरते, ती सुईला आणि आवाजाला दोघांनाही घातक. एलपी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे थेंब टाकून, मधल्या लेबलाला पाणी न लावता, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावी. ७८च्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेला कोणताही द्रव लावू नये, लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या रचण्याऐवजी उभ्या ठेवाव्यात.

सुधारणेचा क्रम

या साऱ्याचा अर्थ असा, की संच सुधारायचा तर त्याला क्रम हवा. प्रथम आहे तो संच सुरक्षित आणि स्वच्छ करावा. नंतर खोली आणि मांडणी. मग सुई. त्यानंतर स्पीकर, कारण आवाजाच्या रंगात सर्वाधिक फरक तेच करतात आणि नव्या खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच पडावा. ॲम्प्लिफायर त्यांच्या संवेदनशीलतेला आणि ओहमला साजेसा निवडावा. डिजिटल परिवर्तक वा सीडी यंत्र सर्वांत शेवटी, कारण आजच्या साध्या उपकरणांतही हा भाग बऱ्यापैकी चांगला असतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि निदान दोन आठवडे ऐकावे. तुलना करताना दोन्ही वस्तूंचा आवाज सारख्या पातळीवर आणावा. मोबाईलवरील ध्वनिमापकही त्यासाठी चालतो. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘अधिक चांगला’ भासतो, आणि दुकानात बहुतेक निवडी याच भासावर होतात. शक्य असल्यास स्पीकर घरी आणून, स्वतःच्या खोलीत, ओळखीच्या ध्वनिमुद्रणावर पारखावेत. दुकानाची खोली घरी आणता येत नाही.

पारख कशाची करावी, तर स्वच्छ मुद्रित तंबोऱ्याची आणि ओळखीच्या मानवी आवाजाची. चारही तारा वेगळ्या ऐकू येऊनही एकमेकींत मिसळतात का, गायकाने श्वास घेतलेला कळतो का, तबल्याच्या चाटेवरची टिचकी आणि डग्ग्याचा घुमार दोन्ही आपापल्या जागी आहेत का, तासभर ऐकूनही कान थकत नाहीत ना, एवढेच तपासावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, की सुधारणा थांबवावी. उरलेले पैसे नव्या सुईसाठी आणि बुरशी लागलेल्या तबकड्यांच्या सफाईसाठी राखून ठेवावेत. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर उद्याही बाजारात मिळतील. कपाटातला तो आवाज पुन्हा मिळणार नाही.